लुसाकाच्या शाळेसाठी पुस्तकं कोणत्या भाषेतली घ्यावीत?

तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. झांबियाच्या राजधानीत, लुसाकात, तुम्ही काही मित्रांनी मिळून एका कंपाउंडमधल्या, म्हणजे तिथल्या दाट वस्तीतल्या, सामुदायिक शाळेला पहिली ते चौथीसाठी वाचनाची पुस्तकं द्यायचं ठरवलंय. पालक समिती म्हणते, सगळी इंग्रजीच घ्या. पहिलीच्या बाई म्हणतात, न्यांजा या तिथल्या भाषेतली घ्या, नाहीतर मुलं नुसती पोपटपंची करतात. मुलांच्या घरी न्यांजा, बेंबा, न्सेंगा, टोंगा असं काहीही बोललं जातं. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "माझा स्वतःचा मुलगा इथल्या इंग्रजी शाळेत जातो. मग या आयांना तुमच्या मुलांना न्यांजात शिकवा, हे मी कोणत्या तोंडाने सांगू?"

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण खरी अडचण तिथे आहे. पुस्तकांची यादी नंतर होईल.

इंग्रजी हवं हे त्या आयांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. झांबियात वरच्या वर्गांच्या परीक्षा, कोर्टाचे कागद, बँकेचे फॉर्म, नोकरीचे अर्ज, सगळं इंग्रजीत चालतं. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याकडून फॉर्म भरून घेतला, तिला मुलीसाठी इंग्रजी हवं असेल तर तिला अडाणी म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. वीसेक वर्षं मी झांबिया, मलावी आणि टांझानियात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम केलं. इतक्या वर्षांत इंग्रजी नको म्हणणारी आई मला एकदाही भेटली नाही. तेव्हा इंग्रजी हवं की नको असा वाद मुळात नाहीच. ते मुलीच्या हाती कोणत्या वाटेने लागेल, एवढंच ठरवायचं आहे.

आता तुमच्या मुलाचं बघा. तो शाळेत गेला तेव्हा 'का', 'कसं', 'नाहीतर काय होईल' हे सगळं घरी मराठीत बोलून झालेलं होतं. घरात इंग्रजी पुस्तकं असतील, कार्टून असतील, तुम्ही फोनवर इंग्रजी बोलत असाल. वर्गात पंचवीसेक मुलं आणि सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्या बाई. कंपाउंडमधल्या मुलीला इंग्रजी भेटतं ते फक्त शाळेच्या तीन-चार तासांत, साठ-सत्तर मुलांच्या गर्दीत. शिकवणाऱ्या बाई बहुतेकदा वस्तीतल्याच स्वयंसेवक, स्वतःचं इंग्रजी पुस्तकापुरतं. तुमच्या मुलाला जी वाट चालली, ती या मुलीच्या पायाखाली नाहीच. त्यामुळे दोघांसाठी वेगळा सल्ला देण्यात दुटप्पीपणा नाही. दोघांनाही चांगलं इंग्रजी यावं असं वाटत असेल, तर सल्ला वेगळाच द्यावा लागेल.

अशाच एका शाळेत, दुसरीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले होते. बाईंनी फळ्यावर पाणी आणायला निघालेल्या मुलीबद्दल तीन इंग्रजी वाक्यं लिहिली आणि छडीने एकेक शब्द दाखवत वाचली. मुलांनी एका सुरात म्हटली. "आर वी टुगेदर?" म्हणजे कळतंय ना? "येस!" पुन्हा म्हटली. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, वर्ग किती छान चाललाय! तास संपल्यावर शेजारच्या मुलीला मी विचारलं, यातला 'वॉटर' शब्द कुठे आहे? तिने वाक्याच्या पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं. मग मी तिच्या वहीत रोमन अक्षरांत 'मान्झी' लिहिलं. लुसाकाच्या बोलीत मान्झी म्हणजे पाणी. ती बघत राहिली, ओठ हलले, "मा... मा... न्झी," आणि एकदम मान वर करून खिडकीतून नळाखालच्या पिवळ्या डब्याकडे बोट दाखवलं. त्या दिवसापासून ही गोष्ट समजावताना मी तोच डबा सांगते. तीन वाक्यं 'वाचून' तिच्या हाती काही लागलं नव्हतं. एका शब्दाने तिला कळलं की कागदावरच्या खुणा म्हणजे आपण बोलतो तेच.

हे असं का होतं ते मराठी माणसाला चटकन कळेल. न्यांजा, बेंबा, टोंगा, न्सेंगा या सगळ्या बांटू कुळातल्या भाषा. लिहितात रोमन लिपीत, पण चाल आपल्या बाराखडीची. मा मे मी मो मू, बा बे बी बो बू. जवळजवळ प्रत्येक अक्षरगट स्वरावर संपतो आणि लिहिलं असेल तसंच वाचायचं. बरं शिकवलं तर पहिलीच्या वर्षभरात बहुतेक मुलांना हे कुलूप उघडतं. इंग्रजीत मात्र 'ओ-यू-जी-एच' ही चार अक्षरं 'थ्रू'मध्ये एक, 'दो'मध्ये दुसरं आणि 'टफ'मध्ये तिसरंच बोलतात. न समजणारी भाषा आणि न जुळणारं स्पेलिंग, दोन्ही ओझी एकाच वेळी सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर द्यायची गरज नाही. शिवाय लुसाकाच्या मुलांना एक सोय आहे जी आपल्या मुलांना नाही. आपल्याकडे मराठी वाचता आल्यावर इंग्रजीसाठी दुसरी लिपी शिकावी लागते. तिथे लिपी तीच. न्यांजात मिळवलेली वाचनाची उकल जवळपास तशीच्या तशी इंग्रजीला कामी येते. म्हणजे न्यांजाच्या पुस्तकावर खर्च केलेला पैसा इंग्रजीतही वसूल होतो.

पालकांना हे नवं किंवा परदेशी खूळ वाटू शकतं, म्हणून झांबियाचाच अनुभव सांगा. १९६४ला देश स्वतंत्र झाला. सत्तरच्या वर जमाती, एक भाषा निवडली की बाकीचे दुखावणार. म्हणून पुढच्या दोन-तीन वर्षांत पहिलीपासून इंग्रजी माध्यमाचा निर्णय झाला. हेतू चांगला होता, एकजुटीचा होता. तीस वर्षं तो चालला. मग १९९५च्या सुमारास दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेतल्या देशांची संयुक्त पाहणी झाली, तेव्हा झांबियातल्या सहावीच्या जेमतेम एक चतुर्थांश मुलांना किमान पातळीचं इंग्रजी वाचता येत होतं. म्हणजे सगळ्यात जास्त इंग्रजी दिलं आणि इंग्रजीच आलं नाही. १९९८मध्ये उत्तरेला कासामा भागात पहिलीच्या काही वर्गांत आधी बेंबातून वाचायला शिकवून पाहिलं. निकाल इतका उघड होता की काही वर्षांत तोच कार्यक्रम सात प्रादेशिक भाषांमध्ये देशभर नेला, आणि २०१४मध्ये पहिली ते चौथी माध्यमच स्थानिक भाषेचं केलं.

याहून जुना आणि माझ्या मते जास्त बोलका प्रयोग नायजेरियातला. १९७०मध्ये इफे विद्यापीठात बाब्स फाफुन्वा यांनी सुरू केला. एका गटाला सहाही वर्षं सगळे विषय योरुबा या तिथल्या भाषेत आणि इंग्रजी फक्त एक विषय म्हणून. दुसऱ्या गटाला नेहमीसारखी तीन वर्षं योरुबा, मग सगळं इंग्रजीत. सहावीच्या शेवटी पूर्ण योरुबातला गट गणित-विज्ञानात पुढे होताच, इंग्रजीतही मागे नव्हता. पुढे फाफुन्वा देशाचे शिक्षणमंत्री झाले, तरी सगळीकडे हे रुजलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते. या प्रयोगातली एक गोष्ट लोक विसरतात आणि तुमच्या कामाची तीच आहे. त्या वर्गांना इंग्रजी शिकवायला वेगळा, इंग्रजी नीट येणारा शिक्षक दिला होता. मातृभाषा जपली म्हणून इंग्रजी आपोआप येत नाही. ते विषय म्हणून मन लावून, रोज, बोलत-खेळत शिकवावंच लागतं.

आणि खरा खड्डा पहिलीत नसतो, माध्यम बदलतं त्या वर्गात असतो. दक्षिण आफ्रिकेत १९८०च्या दशकाच्या शेवटी कॅरल मॅकडॉनल्ड यांनी हिशेब मांडला. माध्यम इंग्रजी होण्याच्या आधीपर्यंत मुलांना भाषेच्या तासांतून फार तर ८०० इंग्रजी शब्द भेटलेले असायचे, आणि लगेच पुढच्या वर्षीच्या भूगोल-विज्ञानाच्या पुस्तकांना लागायचे पाच ते सात हजार. काल वाचणारं मूल आज मुकं होतं. टांझानियात हा खड्डा सातवीनंतर आहे, कारण प्राथमिक शाळा पूर्ण स्वाहिलीत आणि माध्यमिक इंग्रजीत. तिथे मी हुशार मुलांना आठवीत नुसतं फळ्यावरचं उतरवून घेताना पाहिलंय. म्हणून चौथी संपली की न्यांजा बंद, पाचवीला सगळं इंग्रजी, असा कडेलोट होऊ देऊ नका. पाचवी-सहावीतही बाईंनी विज्ञान आधी न्यांजात समजावून मग इंग्रजीत लिहून घेतलं तर त्यात कमीपणा नाही. अनेक बाई हे करतातच, फक्त इन्स्पेक्टर आला की लपवतात.

आता तुमच्या प्रश्नातला सगळ्यात नाजूक भाग. न्यांजा म्हणजे नक्की कुठली? पाठ्यपुस्तकातली न्यांजा ही पूर्वेकडच्या खेड्यांतली, मलावीत जिला चिचेवा म्हणतात तिच्याजवळची. तिच्यात पाण्याला 'मादझी' म्हणतात. लुसाकाच्या गल्लीतली न्यांजा बेंबा, न्सेंगा आणि इंग्रजी पोटात घेऊन वाढलेली, तिच्यात 'मान्झी'. एका प्रकल्पात माझ्या शिफारशीवरून गोष्टींच्या पुस्तकांचे संच छापले गेले, अगदी शुद्ध पुस्तकी न्यांजात. भाषा तपासणाऱ्यांनी वाखाणली. मी छापण्याआधी एकाही वर्गात वाचून पाहिलं नाही, ही माझी चूक. लुसाकाच्या मुलांना त्यातले कितीतरी शब्द इंग्रजीइतकेच परके निघाले आणि बायांनी पुस्तकं कपाटात ठेवून दिली. त्याआधी मेळघाटात कोरकू मुलांपुढे मराठी पुस्तक ठेवून 'मातृभाषेतून शिक्षण' म्हणताना मी हेच पाहिलं होतं, तरी तिकडे जाऊन तेच केलं.

आफ्रिकेतल्या शहरात 'मुलाची मातृभाषा कोणती' हा प्रश्नच बऱ्याचदा चुकीचा असतो. आजी न्सेंगा बोलते, बाप बेंबा, अंगणात न्यांजा, चर्चमध्ये आणखी वेगळं, आणि पाच वर्षांचं पोर या सगळ्यांत पाण्यातल्या माशासारखं फिरतं. किमती आणि आकडे तर न्यांजा वाक्यातही इंग्रजीतच बोलले जातात. पुस्तकी न्यांजात सहा म्हणजे 'पाच आणि एक', आठ म्हणजे 'पाच आणि तीन'. रचना सुंदर आहे, पण शहरातलं मूल 'एट' म्हणत असेल तर गणिताच्या तासाला त्याला अडवू नये. मॉरिशसही आफ्रिकेतच येतं, आणि तिथल्या मराठी घरांचं उदाहरण आपल्याला जवळचं. शाळेत मराठी विषय घेता येतो, पण घरी मुलं बोलतात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, आणि शिकतात इंग्रजी-फ्रेंचमधून. तिथे क्रिओल हा विषय म्हणून शाळेत यायला २०१२ उजाडलं. पूर्वजांची भाषा आणि मुलाच्या जिभेवरची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पहिलं वाचन जिभेवरच्या भाषेत व्हावं, असं माझं मत आहे.

ती ओळखायची माझी पद्धत साधी आहे. मधल्या सुट्टीत अर्धा तास मैदानाच्या कडेला उभं राहायचं. मुलं भांडतात कोणत्या भाषेत, खेळातले नियम कोणत्या भाषेत ठरवतात, नवीन आलेल्या मुलाला कोणत्या भाषेत दटावतात, ते ऐकायचं. लुसाकात बहुतेक ठिकाणी ती गल्लीतली न्यांजा असते. टोंगा घरातलं मूलही एव्हाना ती बोलत असतं. पण एखाद्या वस्तीत वेगळंही निघू शकतं. काँगोतून आलेली कुटुंबं जास्त असतील तर स्वाहिली कानावर पडेल. तिथे मी न्यांजाचा हट्ट धरणार नाही, आधी वर्षभर नुसत्या बोलण्यावर भर द्या म्हणेन. शिकवणाऱ्या बाईंना स्वतःला न्यांजा येत नसेल, म्हणजे बदली होऊन त्या दुसऱ्या प्रांतातून आल्या असतील, तरी सल्ला बदलतो. अशा वेळी वस्तीतली एखादी वाचता येणारी आई मदतनीस म्हणून वर्गात लागते. तुमच्या शाळेत बाई स्थानिक आहेत असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, म्हणजे निम्मी अडचण सुटली.

पालकांशी बोलताना एक गोष्ट मनात असू द्या. त्यांच्या संशयाला इतिहास आहे. दक्षिण आफ्रिकेत १९५३च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांना मातृभाषेत ठेवलं ते त्यांना वर येऊ द्यायचं नव्हतं म्हणून. पुढे निम्मे विषय आफ्रिकान्स या गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या भाषेतून लादले तेव्हा १६ जून १९७६ला सोवेटोची मुलं रस्त्यावर उतरली आणि गोळ्या खाल्ल्या. केनियात शाळेत गिकुयू ही घरची भाषा बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात पाटी अडकवत. तिथले लेखक न्गूगी वा थिओंगो यांनी हे बालपण सांगितलंय. एकीकडे आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा, दुसरीकडे आपल्याच भाषेत कोंडून ठेवणं, दोन्ही या खंडाने सोसलंय. त्यामुळे बाहेरून आलेला माणूस, त्यातही ज्याचा मुलगा इंग्रजी शाळेत आहे असा, 'मातृभाषा' म्हणाला की कान टवकारणारच. तुम्ही भाषण देऊ नका. बोलायचं त्या बाईंनी, शक्यतो एखाद्या आजीने. आणि आदराने बोललं जाऊ दे. न्यांजातही आपल्यासारखंच 'इवे' म्हणजे तू आणि 'इम्वे' म्हणजे तुम्ही असा फरक आहे, आई-वडिलांना 'अमायी', 'अताते' असं आदरार्थी बहुवचनात म्हणतात. हे शब्द पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला फार घरचं वाटलं होतं.

थोडक्यात, इंग्रजीचा आग्रह योग्य, पण पहिलं वाचन अंगणातल्या भाषेत, इंग्रजी पहिल्या दिवसापासून बोलण्यातून, आणि माध्यम बदलताना कडेलोट नको. या हिशेबाने पैसे असे वाटावेत असं मला वाटतं.

पहिली-दुसरीसाठी न्यांजातली छोटी, चित्रांची पुस्तकं, भरपूर प्रती. साठ मुलांत पाच पुस्तकं असली की पुन्हा कोरसच सुरू होतो. दोन-तीन मुलांत एक पुस्तक हातात पडलं पाहिजे. विकत घेण्याआधी 'आफ्रिकन स्टोरीबुक'चा संग्रह बघा. दक्षिण आफ्रिकेतून चालतो, न्यांजा, बेंबा, टोंगातल्या गोष्टी फुकट उतरवून छापता येतात, आणि शब्द बदलायची मुभा आहे. म्हणजे बाई 'मादझी'चं 'मान्झी' करू शकतात. तिसरी-चौथीला तीच गोष्ट दोन्ही भाषांत, आधी न्यांजातली वाचायची, दुसऱ्या आठवड्यात इंग्रजीतली. कथा ओळखीची असली की मुलं अनोळखी शब्दाला घाबरत नाहीत. इंग्रजीसाठी पहिल्या दोन वर्षांत पुस्तकांपेक्षा मोठी चित्रं, गाणी, खेळणी, वस्तू. आणि जमलं तर थोडे पैसे बायांच्या स्वतःच्या इंग्रजीसाठी राखून ठेवा. तुमच्यापैकी कुणी शनिवारी दोन तास त्यांच्याशी इंग्रजी गप्पा मारल्या तरी त्याचा उपयोग पुस्तकांच्या एका पेटीपेक्षा जास्त होईल.

तिसरी-चौथीत आधीच मागे पडलेली मुलं असणारच. त्यांच्यासाठी इयत्ता बाजूला ठेवून, कुणाला अक्षर येतं, कुणाला शब्द, कुणाला परिच्छेद, असे गट करून रोज एक तास द्या. मुंबईच्या वस्त्यांतून उभ्या राहिलेल्या 'प्रथम'ची ही पद्धत. झांबियाच्या शिक्षण खात्याने २०१६पासून 'कॅच अप' नावाने तिसरी ते पाचवीला ती वापरली आहे, आणि तीही स्थानिक भाषेतून. तुमच्या शाळेजवळच्या एखाद्या सरकारी शाळेत ती माहीत असलेले शिक्षक मिळतील.

खरेदी करण्याआधी मात्र एक करा. पुढच्या भेटीत तिसरीतली दहा मुलं घ्या, हुशार निवडू नका, हजेरीपटावरची पहिली दहा घ्या. चार वाक्यांची एक गोष्ट गल्लीतल्या न्यांजात, तेवढीच दुसरी इंग्रजीत, दोन्ही बाईंकडून लिहून घ्या. प्रत्येक मुलाला एकटं बसवून वाचू द्या, मग दोन साधे प्रश्न विचारा: कोण कुठे गेलं, का गेलं. इंग्रजी गोष्टीवरचं उत्तर न्यांजात दिलं तरी बरोबर धरा. किती जणांनी वाचलं आणि किती जणांना कळलं, हे दोन रकान्यांत मांडून पालक समितीपुढे ठेवा. वाचण्याच्या वेळी समितीतल्या एक-दोन आया तिथेच बसल्या तर फार बरं. ते आकडे मला कळवा, म्हणजे कोणत्या वर्गासाठी किती प्रती आणि कोणत्या भाषेत, याची यादी आपण बसून करू.